कापसाच्या किल्ल्यावर

"मामा, बूट काढा. तिसऱ्यांदा सांगतायत त्या."

"एवढ्या सकाळी बघतंय कोण बे?" मामा म्हणाले आणि तसेच, बुटांसकट, त्या पांढऱ्या उतारावर चढले.

वरून शिट्टी वाजली. लांब एका दगडावर बसलेला पहारेकरी उठून उभा राहिला होता आणि हातानं पायांकडे खुणा करत होता. मामांनी त्याला हात उंचावून दाखवला, हसले, खाली बसले, बूट काढले आणि मोज्यांसकट माझ्या हातात दिले. मोजे ओले होते. मी ते दोन बोटांनी धरले.

आमच्या गाइड नेर्मिनबाई हे सगळं शांतपणे बघत होत्या. पन्नाशीच्या असतील. आखूड कापलेले करडे केस, गळ्यात निळा स्कार्फ, खांद्यावर कापडी पिशवी. शाळेत इतिहास शिकवत होत्या, नोकरी सोडून या कामात आल्या, असं गाडीत त्यांनी सांगितलं होतं. त्या इंग्रजीत बोलायच्या. मामांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांचं बोलणं मराठीत करून मामांना सांगायचं आणि मामांचं इंग्रजीत करून त्यांना सांगायचं, एवढंच त्या दिवशी माझं काम होतं.

आम्ही सोलापूरचे. मामांचा टॉवेलचा कारखाना होता, बावन्न मागांचा; कामगार त्यांना शेठ म्हणायचे. टर्कीतलं देनिझली हे आमच्यासारखंच टॉवेलवाल्यांचं गाव, म्हणून तिथे नवे माग बघायला आम्ही गेलो होतो. तीन दिवस यंत्रांच्या खडखडाटात गेले आणि चौथा दिवस मोकळा मिळाला. शहराजवळच गरम पाण्याच्या झऱ्यांनी घडवलेली पांढरी टाकी आहेत, त्यांच्या माथ्यावर दोन हजार वर्षांपूर्वीचं पडकं शहर आहे. हॉटेलवाल्यानं फक्त आम्हा दोघांसाठी गाडी आणि गाइड ठरवून दिली. गर्दीच्या आधी पोचायचं म्हणून आम्ही उजाडताच फाटकाशी होतो.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. वडील गेले तेव्हा नऊ वर्षांचा. त्यानंतर अम्माला आणि मला मामांनीच सांभाळलं. माझी इंजिनिअरिंगची फी त्यांनी भरली, मग कारखान्यातच नोकरीला घेतलं. मला टायफॉइड झाला तेव्हा अकरा दिवस माझ्या उशाशी ते बसून होते. आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत आहे. त्यांची एकुलती एक स्वरूपा कारखान्यातच टॉवेलांची डिझाइनं काढायची. आमचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. ते कुणी आमच्यावर लादलेलं नव्हतं. शाळेत असल्यापासून ती मला आवडायची आणि तिलाही मी आवडत असेन, असं मी धरून चाललो होतो.

"या जागेच्या नावाचा अर्थ कापसाचा किल्ला," नेर्मिनबाई म्हणाल्या.

मी मामांना सांगितलं. मामा खूष झाले. "कापूस म्हणजे आपल्याच घरचा की. सांग तिला, आम्ही पद्मशाली. सूत आमच्या रक्तात हाय."

मी सांगितलं. त्या हसल्या. त्या दिवसात त्या हसल्या ती तेवढीच वेळ.

ऑक्टोबरचा गारठा होता. आभाळ भरून आलेलं, वारा अजिबात नव्हता. पायाखाली मात्र कोमट पाणी वाहत होतं आणि टाक्यांवर वाफ तरंगत होती. लांबून ते सगळं दुधासारखं शुभ्र दिसायचं. जवळ गेल्यावर पाण्यावर आदल्या दिवशीच्या लोकांच्या अंगावरच्या तेलकट मलमाचा तवंग दिसला. एका कोपऱ्यात केसांचा पुंजका आणि बोटाला लावायची एक चिकटपट्टी अडकून फिरत होती. मी पाय काढून घेतला. मामांनी त्याच टाक्यात विजार गुडघ्यांपर्यंत वर करून बैठक मारली, ओंजळीनं तोंड धुतलं, खाकरून घसा मोकळा केला आणि पाण्यातच थुंकले.

नेर्मिनबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"त्यांना सर्दी झालीय," मी इंग्रजीत म्हणालो.

"काय म्हणतीय?" मामांनी विचारलं.

"पाणी औषधी आहे म्हणतात."

सकाळभर हे असंच चाललं. दोन्हीकडचं बोलणं मी धुऊन-पुसून पुढे देत होतो. हॉटेलनं न्याहारीचे डबे दिले होते. त्यातली ऑलिव्हची फळं मामांना आवडेनात. ते ती चावून बिया एकेक करून खालच्या टाक्यात उडवत होते, नेम धरून. नेर्मिनबाई काहीतरी म्हणाल्या. मी मामांना म्हणालो, "पुढे जाऊ या म्हणतायत." त्या म्हणाल्या होत्या, "कृपा करून त्यांना थांबवा."

माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते स्पष्ट सांगतो. मला मामांची किळस येत होती. त्यांच्या ओल्या मोज्यांची, थुंकीची, बिया उडवताना पुढे येणाऱ्या ओठांची. आणि त्या किळसेत मला एक प्रकारचं सुखही होतं, कारण ती येत होती त्या अर्थी मी त्यांच्यासारखा नव्हतो.

माथ्यावर पोचलो तेव्हा आठ वाजायला आले होते. पडके खांब, अर्ध्या कमानी, गवतात लोळणारे कोरीव दगड. चिटपाखरूही नव्हतं. एक मांजर मात्र आमच्यामागे यायला लागलं. पिवळसर, एक कान फाटलेला. नेर्मिनबाई त्याला ओळखत होत्या. त्यांनी खाली वाकून त्याच्या हनुवटीखाली खाजवलं आणि तुर्की भाषेत काही विचारलं. मामांनी डब्यातला सॉसेजचा तुकडा त्याला टाकला. मग दुसरा. मांजर त्यांच्या पायांत घोटाळायला लागलं. मला बरं वाटलं. कारखान्याच्या फाटकावरच्या कुत्र्यांनाही ते रोज बिस्किटं घालत.

एका कठड्यापाशी नेर्मिनबाई थांबल्या. पलीकडे खोलगट जागा होती आणि तिच्या तळाशी, भिंतीत, कमरेएवढ्या उंचीची एक दगडी कमान. आत अंधार. कठडा ओलांडायचा नाही अशी पाटी होती.

"हे यमाचं दार," मी भाषांतर केलं. "जुन्या लोकांना वाटायचं, इथून पाताळात रस्ता जातो. आतून विषारी वायू येतो. दिसत नाही. हवेपेक्षा जड असतो, म्हणून तळाशी साचून राहतो. पुजारी इथे बैल घेऊन यायचे. बैलाचं नाक खाली, तो मरून पडायचा. पुजारी उभे असायचे आणि श्वास रोखून धरायचे, ते जिवंत बाहेर यायचे. वर बसलेल्या लोकांना वाटायचं, देवाची कृपा."

"वायू आता पण येतो?" मामांनी विचारलं.

"येतो म्हणतात. रात्रभर साचतो. ऊन-वारा आला की विरतो. सकाळी इथे चिमण्या मरून पडलेल्या सापडतात."

"किती उंचीपर्यंत असतो विचार."

मी विचारलं. "बाहेर गुडघ्याएवढा. आत जास्त."

मामांनी आभाळाकडे पाहिलं. मग त्या कमानीकडे. सुताचा नवा गठ्ठा आला की ते असेच बघायचे. व्यापाऱ्यानं कितीही छातीठोकपणे शुद्ध कापूस म्हणून सांगितलं, तरी एक धागा ओढून काडी लावायचे आणि जळताना वास घ्यायचे.

"तिला सांग, चहा मिळतो का बघ कुठं. गारठलो."

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, फार गोड शब्दांत विनंती केली. दुकान उघडलंय का बघते म्हणून त्या पिशवी सावरत गेल्या. चढणीपलीकडे त्यांचा निळा स्कार्फ दिसेनासा झाला.

"मोबाईल काढ," मामा म्हणाले. "गंमत दाखवतो."

मी मोबाईल काढला. त्यांनी डब्यातून सॉसेजचा मोठा तुकडा घेतला, मांजराला हुंगवला आणि कठड्यावरून कमानीच्या दिशेनं फेकला. तो अलीकडेच पडला. मांजर गजांमधून सहज पलीकडे गेलं, तिथल्या एका उंच दगडावर पडलेला तुकडा खाल्ला आणि मामांकडे बघून म्याव केलं. मामांनी दुसरा तुकडा घेतला, एक डोळा मिटून नेम धरला. हा सरळ कमानीच्या आत गेला.

मांजर दगडावरून उतरलं आणि तुकड्यामागे आत गेलं. आम्हाला त्याची पाठ आणि शेपटी दिसत होती. ते खात होतं. मग खाता खाता थांबलं. मागे वळलं. दोन पावलं आली ती वाकडी पडली. पुढचे पाय दुमडले, ते पुन्हा उभं राहिलं, पुन्हा बसलं.

"प्यालंय बघ बे," मामा म्हणाले.

ते तोंड उघडून श्वास घेत होतं आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्याचं डोकं आणखी खाली जात होतं. माझ्या पोटात ढवळून आलं. मी हललो नाही. मोबाईल धरलेला हात तसाच होता. शेवटी ते कुशीवर कलंडलं, जणू उन्हात झोपलंय.

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. नेर्मिनबाई होत्या. तीन कागदी पेले जमिनीवर सांडले होते. त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही. स्कार्फ तोंडाला गुंडाळला, कठड्यावर पाय टाकून पलीकडे उतरल्या, कमानीसमोर उभं राहून खोल श्वास घेतला आणि वाकून आत शिरल्या. मांजर उचलायला त्यांना जमिनीपर्यंत झुकावं लागलं. तिथे काय झालं कळलं नाही, बहुधा हात पोचेना म्हणून त्यांचा श्वास सुटला. त्या बाहेर आल्या त्या गुडघ्यांवर. मांजर छातीशी धरलेलं, डोळे विस्फारलेले. कशाबशा उभ्या राहिल्या आणि कठड्याला टेकून खोकत राहिल्या. मी मोबाईल खिशात घालून त्यांना वर घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. स्वतःच्या बळावर कठडा चढून आल्या. एका गुडघ्यातून रक्त येत होतं.

मांजराची जीभ बाहेर आली होती.

"मेलं का?" मामांनी विचारलं. "विचार तिला."

मी काही विचारलं नाही.

"तोंड काय वाईट करतोस? हजारो वर्षं लोकांनी बैल घातले हितं. आणि ती सांगतीय ते खरं का खोटं बघायला नको? रेकॉर्ड झालं का नीट?"

नेर्मिनबाईंना मराठी येत नव्हतं. पण 'रेकॉर्ड' शब्द त्यांना कळला. त्यांनी मामांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी स्कार्फ सोडून मांजर त्यात गुंडाळलं आणि पहारेकऱ्याकडे नेऊन दिलं. त्यांचं काय बोलणं झालं कुणास ठाऊक. मला वाटलं, आता आमची तक्रार होईल, निदान आम्हाला सोडून त्या निघून जातील. त्या परत आल्या, गुडघ्याला रुमाल बांधला आणि म्हणाल्या, "माझं काम पाच वाजेपर्यंत आहे. आता नाट्यगृह बघू."

आणि त्यांनी आम्हाला सगळं दाखवलं. नाट्यगृहाच्या पायऱ्या, त्यात किती लोक बसत. जुन्या शहराची वेस. मैलभर पसरलेल्या थडग्यांमधून फिरवलं, कुणाच्या दगडावर काय कोरलंय ते वाचून दाखवलं. आवाज सपाट होता, एक शब्द गाळला नाही. मामा मन लावून ऐकत होते, शंका विचारत होते. जुन्या काळी इथे लोकर रंगवायचे आणि विणायचे हे कळल्यावर त्यांनी एका विणकराच्या थडग्याला हात लावून नमस्कार केला. दुपारी जेवताना त्यांनी दोन वेळा भात मागवला. त्यांची बोटं तुपात बुडलेली होती, हनुवटीवर दाणा चिकटला होता. माझं ताट भरलेलंच होतं.

"खा की," ते म्हणाले आणि स्वतःच्या ताटातला मटणाचा तुकडा माझ्या ताटात टाकला. मी उठून बाहेर गेलो आणि ओकलो.

नेर्मिनबाई गाडीपाशी उभ्या होत्या. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली. मी चूळ भरली. काहीतरी बोलायला हवं होतं. "मला माफ करा," मी म्हणालो. "ते तसे वाईट नाहीत."

"मी सकाळी जे सांगितलं ते सगळं तुम्ही त्यांना सांगितलंत ना? चिमण्यांचं, उंचीचं?"

"हो."

"तुमचं भाषांतर चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "काही निसटलं नाही."

पाच वाजता त्यांनी आम्हाला हॉटेलवर सोडलं.

परतीच्या विमानात मामा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. त्यांच्या उघड्या तोंडातून लाळ माझ्या सदऱ्यावर उतरत होती. मी तेव्हाच ठरवलं की यांच्या घरात राहायचं नाही. नोकरी सोडायची, स्वरूपाला घेऊन पुण्याला जायचं, लग्न करायचं ते आपल्या हिमतीवर. त्या विचारानं मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचं डोकंही बाजूला केलं नाही.

मामांनी घरी, कारखान्यात, नातेवाइकांत ती हकिकत रंगवून सांगितली. लोक हसले. "गोवर्धननं शूटिंग केलंय," मामा माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे. मी सांगितलं की चुकून पुसलं गेलं. पुसलं नव्हतं. मला ते लागणार होतं. इतक्या वर्षांच्या उपकारांवर पाणी सोडून मी का निघालो, हे स्वरूपाला पटवायला माझ्याकडे तेवढंच होतं.

एका दुपारी डिझाइनच्या खोलीत ती एकटी होती. टेबलावर आलेख-कागद, त्यावर लाल-निळ्या चौकटी. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. टाक्यातल्या थुंकीपासून दुपारच्या जेवणापर्यंत. नोकरी सोडण्याचं, पुण्याचं. ती पेन्सिल खाली न ठेवता ऐकत होती.

"दाखव," ती म्हणाली.

मी मोबाईल दिला. तिनं इअरफोन लावले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा होतो. ती रडेल, मग मी तिला जवळ घेईन, असं काहीसं माझ्या डोक्यात होतं. ती रडली नाही. संपल्यावर तिनं बोटानं ते थोडं मागे नेलं आणि पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा. मग इअरफोन काढून माझ्या हातात दिले.

"ऐक."

"मी बघितलंय, स्वरूपा. मी तिथेच होतो."

"ऐक, बावा." आमच्यात आतेभावाला बावा म्हणतात.

मी ऐकलं. सॉसेज पडल्याचा बारीक आवाज. मांजर आत जातं. बराच वेळ काही नाही. ते वाकडं होतं, पाय दुमडतात. मामांचा आवाज येतो, "प्यालंय बघ बे." आणि लगेच, अगदी मोबाईलच्या तोंडाशी, कुणीतरी हसतं. मोठ्यानं नाही. मोकळं, जवळच्या माणसाच्या विनोदाला हसतात तसं.

तिथे आम्ही दोघंच होतो. मामांचं हसू मला ओळखता येतं. ते त्यांचं नव्हतं.

"मला आठवत नाही," मी म्हणालो. "देवाशप्पथ, स्वरूपा. मला पोटात ढवळत होतं. मी हसल्याचं मला आठवतच नाही."

"नसेल आठवत."

"मग? मी तुला सगळं खरं सांगायला आलो ना?"

"तू अप्पांचं सांगायला आलास," ती म्हणाली. "अप्पांचं मला माहीत होतं. मी त्यांच्याच घरात वाढलेय. लहानपणी मी पाळलेल्या सशाचं काय झालं ते तुला ठाऊक नाही, आणि मी सांगणारही नाही. तुझं मला माहीत नव्हतं."

तिनं पेन्सिल उचलली आणि चौकटी भरायला लागली. मी मोबाईल उचलला आणि दार उघडलं. तिनं मान वर केली नाही.

त्या आठवड्यात तिनं घरात सांगितलं की तिला हे लग्न करायचं नाही. कारण सांगितलं नाही. माझी अम्मा तिच्या पाया पडायला निघाली होती. मामा आठ दिवस आमच्या घरच्या तेलुगूत ओरडत होते, मग माझ्यापाशी येऊन बसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नको बे. तू माझाच आहेस." ती जानेवारीत बेंगळुरूला एका कापड कंपनीत गेली आणि तिकडचीच झाली.

मला नोकरी सोडायची होती. पण ते ठरवलं होतं ते दोघांसाठी. एकट्यानं पुण्याला जाऊन काय करायचं, असं मी स्वतःला विचारलं. मग लग्नसराईच्या ऑर्डरी आल्या, मग देनिझलीचे माग आले. ते बसवायला माझ्याशिवाय कुणाला जमणार नव्हतं. ते माग आजही चालतात.

मामा गेले त्याला आता चार वर्षं झाली. शेवटचं वर्षभर ते अंथरुणावर होते. त्यांना पुसायचं, कूस बदलायची, तोंडातली लाळ टिपायची, हे सगळं मीच केलं. मुलगा नव्हता म्हणून विधीही मीच केले. लोक म्हणाले, पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं केलंस.

स्वरूपा तेराव्याला आली होती. जेवणं उरकल्यावर ती कारखान्यात एक चक्कर मारून आली. कामगार तिच्याशी बोलले, माझ्याविषयीही बोलले असतील. मी ऑफिसात मामांच्या खुर्चीत बसून कसल्यातरी कागदावर सही करत होतो. ती दारात आली. केस थोडे पिकले होते. मी उठलो. बावा म्हणेल म्हणून मी थांबलो होतो, हे मला ती बोलल्यावर कळलं.

"येते, शेठ," ती म्हणाली.

आवाजात टोचणी अजिबात नव्हती. बाहेर रिक्षा थांबलेली होती. ती गेली आणि मी खाली बसून उरलेल्या सह्या केल्या.